चूक पकडणाऱ्याची खुर्ची

भूगोलाच्या सरांची एक खोड साऱ्या शाळेला ठाऊक होती. रोज फळ्यावर ते एक चूक मुद्दाम करत. कधी वाळवंटात बर्फ पाडत, कधी बेटाच्या चहूबाजूंनी जमीन काढत. ज्याला चूक सापडेल त्याने हात वर करायचा आणि तास संपेपर्यंत थेट सरांच्या उंच खुर्चीत बसायचं. सर मग उभ्यानेच शिकवत. इतक्या वर्षांत ती खुर्ची त्यांच्यापेक्षा मुलांनीच जास्त झिजवली होती.

आता फळ्याच्या शेजारी पडदा आला. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सरांना बोलावून गोड आवाजात सांगितलं, "शुक्रवारी एआयच्या मदतीने एक तास घेऊन दाखवा. मी मागे बसेन. नाहीच जमलं तर वर्ग दुसऱ्या कुणाला देऊ. तुम्ही आपली नकाशांची खोली सांभाळा."

त्या खोलीत जुने नकाशे गुंडाळून भिंतीला उभे करून ठेवलेले होते. त्यांच्या रांगेत आपणही उभे आहोत, असं चित्र सरांच्या डोळ्यांपुढे आलं आणि जाईना.

शिक्षकांना एआय शिकवायला जी प्रशिक्षक आली, ती सरांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली.

"ओळखलंत का, सर?"

"पुटपुट!" सर म्हणाले.

हे नाव त्यांनीच ठेवलेलं. शेवटच्या बाकावर बसायची. चूक दिसली की तिचे ओठ हलायचे, हात मात्र वर व्हायचा नाही. केवळ तिच्यासाठी सर चुका मोठ्या मोठ्या करत गेले होते. एकदा तर त्यांनी अख्खा समुद्र डोंगरावर नेऊन ठेवला. सगळ्या वर्गाचे हात वर, हिचे नुसते ओठ. खुर्चीत न बसताच ती शाळेतून गेली आणि सरांना ते कुठेतरी लागून राहिलं होतं.

ती त्यांना संगणकापुढे घेऊन बसली. सर एका बोटाने टाइप करू लागले.

"सर, त्याला 'आपला नम्र' लिहायची गरज नसते हो."

"असू दे. बिघडतं कुठे?"

बघता बघता नदीचा सगळा धडा तयार झाला. चित्रं, प्रश्न, उत्तरंसुद्धा. सर बघत राहिले.

"आवडलं नाही का?"

"छान आहे गं. पण यात मी कुठे आहे?" मग जरा चाचरत म्हणाले, "याला एखादी चूक घालायला सांगता येईल?"

ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. "बाकीचे सगळे चुका काढायच्या कशा ते विचारतात, सर!"

शेवटी दोघांनी मिळून नदी समुद्राकडून डोंगराकडे वाहणारी करवून घेतली.

शुक्रवारी मोठ्या बाई मागे बसल्या. त्यांच्या शेजारी, जुन्याच बाकावर, पुटपुट. पडद्यावर चित्र आलं. एकही हात वर होईना. यंत्राने काढलेलं चुकेल कसं, असं मुलांना वाटत असावं. मग एक मुलगा ओरडला, "सर, नदी चढतेय!" हशा झाला, मुलगा ऐटीत खुर्चीत जाऊन बसला आणि सरांचा जीव भांड्यात पडला.

एवढ्यात पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, आणखी एक आहे. सूर्य उजवीकडे आणि झाडांच्या सावल्यापण उजवीकडेच."

सरांनी वळून पाहिलं. खरंच की! ही त्यांनी घातलेली नव्हती. 'शाब्बास, हीसुद्धा माझीच' म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? मोठ्या बाई रोखून बघत होत्या.

"ही माझी नाही," सर म्हणाले. "यंत्राची आहे. आणि मला ती दिसलीच नव्हती."

नकाशांची खोली पुन्हा डोळ्यांपुढे आली. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक हात वर झाला. पुटपुटचा!

"सर, मला सकाळीच दिसली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"मुलांना सापडते का, ते बघत होते."

मोठ्या बाईंना हसू आवरलं नाही. "म्हणजे यंत्र तपासायलाही मुलं तुमचीच लागणार! राहू दे वर्ग तुमच्याकडे. पण पुढच्या वेळी निदान सावल्या तरी बघून घ्या."

सावलीवाली मुलगी तोवर खुर्चीपाशी पोचली होती. "सरक ना जरा," ती मुलाला म्हणाली. दोघं एकाच खुर्चीत दाटीवाटीने बसली.

घंटा झाली, वर्ग रिकामा झाला. पुटपुट वायरी गुंडाळत होती. सरांनी रुमालाने खुर्ची झटकली आणि तिच्याकडे सरकवली.

ती बसली. पाय अधांतरी राहिले. ओठ हलले.

"मोठ्याने," सर म्हणाले.

"उंच आहे हो, सर. मला वाटायचं, पाय टेकत असतील."

सर खडू घेऊन फळ्याकडे वळले आणि त्यांनी डोंगरावर एक समुद्र काढला.