ब्रेकच्या डबीतलं तेल

दापोड्याच्या वळणावर भाऊंनी ब्रेक दाबला, आणि पॅडल खाली गेलं ते वर आलंच नाही.

भाऊ म्हणजे माझे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर, आणि त्यांची फियाट एकोणऐंशी सालची. त्या गाडीला घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा नियम मी लग्न होऊन आले तेव्हापासून आहे. त्या सकाळी पुढे भाऊ आणि सासूबाई होते, मागे मी आणि माझी मुलगी पूर्वी. तिला क्लासला सोडायचं होतं. दहावीचं वर्ष, म्हणून आजोबा रोज स्वतः सोडायचे. मला त्याचं कौतुक होतं. खोटं कशाला सांगू, रिक्षाची कटकट वाचते याचा आनंद जास्त होता.

गाडी रस्त्याच्या मधोमध खिळून उभी राहिली. जळका वास आला. मी मागे वळून पाहिलं तर काचेत कंटेनरचं तोंड. नुसतं तोंड, वर आकाश नाही की बाजूला रस्ता नाही. मी पूर्वीचं डोकं मांडीवर दाबलं आणि डोळे मिटले. देवाचं नाव काही आठवलं नाही. सकाळी डब्यावरून मी तिला ओरडले होते, तेवढंच आठवलं.

कंटेनर वीतभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. पूर्वीकडे बघून तो भाऊंना म्हणाला, "चाचा, मरना है तो अकेले मरो. बच्ची को क्यों साथ लेके निकलते हो?" एरवी मी त्याला सोडला नसता. पण मला तो बरोबरच वाटत होता.

समोरच्या गोडाऊनच्या रांगेत मनोजचं गॅरेज आहे. हल्ली तो ट्रेलरच दुरुस्त करतो, पण जुन्या गाड्या वडिलांच्या हाताखाली शिकलेला. तो पाना घेऊन धावत आला. त्याने पॅडल हाताने वर ओढलं. पॅडल आलं, पण चाकं जागची हलेनात.

"स्प्रिंग न्हाय गेली," तो म्हणाला. मग रस्त्यावरच आडवा होऊन त्याने एका चाकामागचा नट सैल केला. तेलाची गरम चिळकांडी उडाली आणि ते चाक मोकळं झालं. "बघा भाऊ, दाब आतच कोंडतोय. चाकाचा दोष न्हाय, वरचा हाय."

चारही चाकं तशीच सोडवून आम्ही गाडी ढकलत गॅरेजात नेली. भाऊ चाळीस वर्षं नारपोलीच्या एका लूम, म्हणजे यंत्रमाग कारखान्यात फिटर होते. यंत्र स्वतःच आपलं दुखणं सांगतं, माणसाला कान हवेत, हे त्यांचं वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ आहे.

मनोजने बॉनेट उघडलं आणि ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं. झाकणाचं रबर भिजवलेल्या वाटाण्यासारखं टम्म फुगलं होतं. त्याने एका स्टीलच्या ग्लासात पाणी घेतलं आणि डबीतलं थोडं तेल त्यात टाकलं.

"ब्रेक ऑइल आसतं तर पाण्यात मिसळलं आसतं," तो म्हणाला.

तेल वर तरंगत राहिलं. भाऊंनी त्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं.

"लूमचं तेल आहे," ते म्हणाले.

"तेच तर. त्यानं आतले समदे रबर फुगले. ब्रेक धरतोय, पन सोडत न्हाय. कोनी घातलं भाऊ?"

"कोण घालणार?" भाऊ कडाडले. "माझ्याशिवाय या बॉनेटला हात कोण लावतो? चावी चोवीस तास माझ्या कमरेला..."

आणि ते थांबले. मी त्यांना चिडलेलं पाहिलंय, तापाने फणफणलेलं पाहिलंय, सख्ख्या भावाला खांदा देताना पाहिलंय. घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते आपल्या बोटांकडे बघत राहिले, आणि मला कंटेनर दिसला तेव्हा वाटली नव्हती एवढी भीती तेव्हा वाटली.

"मी घातलं," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही सगळे त्यांच्याकडे वळलो.

"डबी रिकामी दिसली. म्हटलं, तुमची पाठ दुखतेय, आपणच ओतू थोडं."

भाऊंच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मग त्यांनी सासूबाईंना जे झाडलं! नात मेली असती, सून मेली असती, अक्कल गहाण टाकली होती का, सगळं ऐकवलं. सासूबाई मान खाली घालून ऐकत होत्या आणि मला दिसत होतं की भाऊंना शब्दागणिक बरं वाटतंय.

ज्या बाईला गॅसचा सिलिंडर बदलायलाही मी लागते, ती बॉनेट उघडून तेल ओतेल, हे मला मात्र पटत नव्हतं.

घरी आल्यावर मी जिन्याखाली पाहिलं. शिलाई मशीनसाठी आणलेला लूमच्या तेलाचा कॅन आणि ब्रेक ऑइलचा डबा शेजारी शेजारी होते. कॅनचं तोंड स्वच्छ पुसलेलं, आणि वर फडक्याची चौकोनी घडी. तशी घडी घरात फक्त भाऊ घालतात.

स्वयंपाकघरात मी विचारलं, "आई, किती दिवस झाले?"

त्यांनी भाजी चिरणं थांबवलं नाही. "मागच्या आठवड्यात सकाळी उठून मला विचारलं, आज शिफ्ट कितीची आहे. अठरा वर्षं झाली रिटायर होऊन. मला काही सुचलंच नाही ग. न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले." मग म्हणाल्या, "मला फार भीती वाटते, आसावरी."

मला त्यांचा राग आला. पूर्वीला रोज त्या गाडीत बसवत होतो, आणि यांना माहीत होतं. मी तसं बोललेही. त्या म्हणाल्या, "म्हणून तर आठवडाभर रोज मी पण बसत होते."

पुढचे तीन दिवस मी पूर्वीला रिक्षाने पाठवलं. येता जाता गॅसची बटणं तपासली, दाराची कडी तपासली. भाऊ देवळात गेले की घड्याळ बघत बसले. जो माणूस मला वीस वर्षांत एकदाही टाकून बोलला नाही, त्याची मी पाळत ठेवत होते. त्याची लाजही वाटत होती.

चौथ्या दिवशी गाडी आणायला आम्ही तिघं गेलो. मनोजने सगळे रबर बदलले होते, पाइप धुऊन काढले होते. भाऊंनी दहा वेळा पॅडल दाबून बघितलं. मग खाली उतरून बॉनेट उघडलं.

"सुमती, इकडे ये. दाखव बघू, तेल कुठे ओतलंस ते."

सासूबाई पुढे झाल्या. वायरी, नळ्या, झाकणं, सगळ्यावरून त्यांची नजर फिरली. शेवटी त्यांनी रेडिएटरच्या, म्हणजे पाणी भरायच्या झाकणावर बोट ठेवलं.

मनोज पाने आवरायला लागला.

भाऊंनी बॉनेट हळूच खाली केलं. कमरेची चावी सोडली आणि माझ्यापुढे धरली. "सूनबाई, तू चालव."

"मला नाही जमणार भाऊ. मी शिकले ती गाडी वेगळी, हिचे गिअर स्टिअरिंगपाशी आहेत. मला भीती वाटते."

"मला पण वाटते," ते म्हणाले आणि मागचं दार उघडून बसले.

मी गाडी काढली. दोन्ही बाजूंनी कंटेनर जात होते. मी दर थोड्या वेळाने ब्रेक दाबून बघत होते आणि पॅडल दर वेळी वर येत होतं.

मागे भाऊ म्हणाले, "पन्नास वर्षांच्या संसारात तुला एक थाप धड मारता आली नाही, सुमती."



"आता शिकावं लागेल," सासूबाई म्हणाल्या.