कार्यमुक्तीची अट

प्राचार्यांनी अट घातली तेव्हा ती अगदी साधी वाटली होती. "मॅडम, तुम्ही खुशाल जा," ते म्हणाले होते, "फक्त तुमच्या जागी एक माणूस तयार करून द्या. एक अख्खी परीक्षा त्याने एकट्याने पार पाडली की तुमच्या कार्यमुक्तीवर सही करतो." या गोष्टीला तीन वर्षं झाली आणि मॅडम अजून तिथेच होत्या.

खरं तर ही भानगड त्यांनीच ओढवून घेतली होती. त्या येण्याआधी तंत्रनिकेतनात प्रोग्रॅमिंग शिकवायचं म्हणजे फळ्यावर प्रोग्रॅम लिहायचा आणि पोरांनी तो वहीत उतरवायचा, असला आनंदीआनंद. मॅडमनी इंटरनेटवरून एक ओपन सोर्स टूल उतरवून घेतलं आणि प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या जुन्या सर्व्हरवर बसवलं. पोरांनी ब्राउझर उघडायचा, त्यातच प्रोग्रॅम लिहायचा, बटण दाबायचं. टूल तो तिथल्या तिथे चालवून बघतं आणि कितव्या ओळीत माती खाल्ली ते सांगतं. टूल फुकट, आतला कोड सगळ्यांना खुला, हवा तसा बदला. मॅडमनी तो बदलला, वाढवला, जागोजागी ठिगळं लावली. बघता बघता सहाही शाखांच्या परीक्षा त्यावर व्हायला लागल्या आणि कुठलं ठिगळ कुठे आहे हे एकट्या मॅडमनाच ठाऊक राहिलं.

"पण हे बिघडलं तर फोन कुणाला करायचा?" प्राचार्यांनी तेव्हाच विचारलं होतं. "कंपनीचा नंबर असेलच ना?"

"कंपनी नाही सर. हे कुणा एकाच्या मालकीचं नसतं."

"म्हणजे तुम्हालाच करायचा," असं म्हणून प्राचार्यांनी विषय संपवला. या माणसाला संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माणूस कुठे अडकवून ठेवायचा हे मात्र बरोबर कळत होतं.

मॅडमचा नवरा, सासूबाई आणि सहा वर्षांची लेक दुसऱ्या गावी. तिकडच्या बदलीचा आदेश दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा मुदत संपून बाद झाला, कारण इथून सुटका नाही. लेकीने शाळेत बाईंना सांगितलं होतं की माझी आई कॉम्प्युटरमध्ये राहते. सासूबाई फोनवर म्हणायच्या, "तुझं ते मशीन एकदा हाताशी आलं की ये हो सवडीने." आता तिसरा आदेश आला होता आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं: महिनाअखेरपर्यंत कार्यमुक्त न झाल्यास पुन्हा विचार होणार नाही.

माणूस तयार करायला मॅडमनी काही कसूर केली नव्हती. पहिला, नवाकोरा अधिव्याख्याता, आठ महिन्यांत सगळं शिकला आणि नवव्या महिन्यात कंपनीत गेला. जाताना "सगळं तुमच्यामुळे, मॅडम" म्हणाला. दुसरीने तर सहा महिन्यांतच बाजी मारली. तीही हेच म्हणाली. ज्याला नीट शिकवावं तो पसार होई आणि जो जागेवर राही त्याच्या डोक्यात काही शिरत नसे. मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला आणि मग डोकं शांत ठेवून असा माणूस शोधला जो जन्मात कुठे जाणार नाही.

भांडारपाल. पोरं त्यांना पाठीमागे कुलूपराव म्हणत, कारण ते खडूच्या खोक्यालासुद्धा कुलूप लावत. एकोणीस वर्षं एकच खोली, एकच खुर्ची, दुपारचा डबा ठरल्या मिनिटाला. घर समोरच्याच गल्लीत.

"मी? या वयात?" ते म्हणाले.

"भाऊसाहेब, चार हजार वस्तूंपैकी कुठली कुठल्या फळीवर आहे ते तुम्हाला तोंडपाठ आहे. हे त्याहून सोपं आहे."

कारण मात्र मॅडमनी सांगितलं नाही. परीक्षेला मदत लागते, एवढंच म्हणाल्या.

पहिले दोन महिने नाकी नऊ आले. भाऊसाहेब एका बोटाने टाइप करत आणि प्रत्येक कंस उघडला की न चुकता उघडाच ठेवत, हे कुलूपरावांनी करावं म्हणजे कमालच. पण सवय भांडाराची. झालेली प्रत्येक चूक ते वहीत नोंदवत: तारीख, कुठे सापडली, कशाने गेली. एकदा नोंदवलेली चूक त्यांच्या हातून पुन्हा झाली नाही. सातव्या महिन्यात ते मॅडमना विचारायला लागले, "हे ठिगळ तुम्ही इथे का लावलंत? दोन ओळी वर लावलं तर बाकीची तीन लागणारच नाहीत." त्यांचं बरोबर होतं. मॅडमना आनंद झाला आणि आधीचे दोघेही आठवले.

तिसरा आदेश आला त्याच महिन्यात परीक्षा होती. त्या दिवशी मॅडम बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. आत पाऊल टाकायचं नाही, ही अटच होती. अर्ध्या तासाने आतून गलका ऐकू आला. सगळ्यांचे पडदे गोठले होते. कुणा एका पोराचा प्रोग्रॅम गोल गोल फिरत सुटला होता आणि त्याने सर्व्हरच गिळला होता. असला प्रोग्रॅम पाच सेकंदांनी आपोआप थांबवायची सोय टूलमध्ये होती, पण एका ठरावीक चुकीत ती लागूच होत नसे. मॅडमना हे कधी सापडलं नव्हतं. त्या हात मांडीखाली दाबून बसून राहिल्या. अकरा मिनिटांनी गलका थांबला. दोन तासांनी भाऊसाहेब बाहेर आले, शर्ट घामाने भिजलेला. "झाली परीक्षा," ते म्हणाले आणि डबा खायला गेले.

प्राचार्यांनी शब्द पाळला. महिनाअखेरीच्या तारखेचा कार्यमुक्तीचा आदेश टाइप झाला. मॅडमनी लेकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "खरी येणार की कॉम्प्युटरमधून?"

शेवटचे तीन दिवस उरले असताना भाऊसाहेब हातात एक कागद घेऊन आले. चेहरा लाजल्यासारखा. त्या दिवशीची दुरुस्ती त्यांनी नीट लिहून टूल बनवणाऱ्यांना पाठवली होती. त्यांनी ती स्वीकारली, यादीत नाव घातलं. शाळांसाठी हेच टूल वापरणाऱ्या एका संस्थेने ते नाव पाहून पत्र धाडलं होतं: आमच्याकडे या.

"एकोणीस वर्षांत मला कुणी काही शिकवलं नाही, मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही रोज दोन तास बसलात. काही कारण नसताना."

ते वाक्य मॅडमना फार लागलं. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं: अट, आधीचे दोघे, बदली, लेक, आणि हेही की तुम्ही कुठे जाणार नाही म्हणूनच मी तुम्हाला निवडलं. भाऊसाहेब खाली बघत ऐकत राहिले.

"मी गेलो तर तुमच्या जागी कुणी नाही, म्हणजे तुमच्या आदेशावरची सही रद्द," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"मुलगी केवढी?"

"सहा वर्षांची."

त्यांनी पत्राची घडी घातली, आणखी एक घातली. "मग तुम्ही जा. मी थांबतो."

नाही म्हणायला हवं होतं. मॅडमना ते कळत होतं, शब्द ओठांवर होता. पण तोंडून निघालं ते, "नक्की ना?" एवढंच. ऐकताक्षणी त्यांना स्वतःची शिसारी आली. तरी त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

"नक्की," भाऊसाहेब म्हणाले.

महिनाअखेरीला सकाळी मॅडमच्या हातात आदेश पडला. त्याच बैठकीत प्राचार्यांनी भाऊसाहेबांना प्रयोगशाळेचा कार्यभार दिला आणि खुशीत येऊन त्या कागदात एक ओळ जास्तीची घातली: योग्य व्यक्ती तयार केल्याशिवाय कार्यमुक्त करता येणार नाही. आता ही ओळ प्राचार्यांना पाठ झाली होती.

मॅडम निरोप घ्यायला प्रयोगशाळेत गेल्या. भाऊसाहेब मॅडमच्या खुर्चीवर बसले होते, वही शेजारी. राग नव्हता चेहऱ्यावर. असता तर बरं झालं असतं.

"बरं झालं आलात, एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "ग्रंथालयातल्या बाई शिकायला तयार आहेत. उद्यापासून बसू म्हणतात. पण मॅडम, त्या फार हुशार आहेत हो." ते थांबले. "शिकवू की नको?"

मॅडम दारात उभ्या होत्या, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात आदेश. गाडीची वेळ होत आली होती.