विसळलेलं पाणी

तेजस्विनीच्या घरी, पांढुर्ण्यात, नळ चार दिवसांआड यायचा. कळशी विसळली की ते पाणी हंड्यात, हंड्याचं बादलीत, आणि बादलीतलं शेवटी दारच्या जास्वंदीला. आईनं हे कधी बसवून शिकवलं नव्हतं, पोरीच्या हाताला ते आपोआप लागलं होतं. तोच हात घेऊन ती भूशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला बंगालच्या उपसागरात आली, संशोधनाच्या जहाजावर, शिकाऊ मुलांच्या तुकडीत.

काम तसं सोपं. तारेला बांधलेली लांब नळकांडी समुद्रात सोडायची. ठरलेल्या खोलीवर एकेकाचं झाकण मिटायचं, आणि ती वर आली की तोटीतून काचेच्या बाटल्या भरायच्या. भरण्याआधी प्रत्येक बाटली त्याच खोलीच्या पाण्यानं तीनदा विसळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. झाकणं सौंसरच्या नितीनकडे होती, बाटल्या तेजस्विनीकडे. दोघं एकाच, संत्र्यांच्या भागातले, म्हणून बाकीची पोरं त्यांना संत्रा पार्टी म्हणून चिडवायची.

दुपारी खारटपणाचे आकडे आले आणि चिडवणं बंद पडलं. खोलवरचं पाणी असायला हवं त्याहून कमी खारट निघालं होतं. या समुद्रात वरच्या पाण्याला नद्यांमुळे थोडा गोडवा असतो, तोच खाली उतरलेला दिसत होता. तुकडीच्या प्रमुख जयवंता मॅडमनी निकाल दिला की झाकण गळलं. नितीन म्हणाला, मी पक्कं तपासलं होतं, पण ऐकतो कोण? उद्या शेवटचं, सगळ्यात खोल ठिकाण होतं, आणि नितीननं त्या वेळी डेकवर यायचं नाही असं ठरलं.

सकाळचे आपले हात तेजस्विनीला आत्ता दिसले. वरच्या पाण्यानं पहिली बाटली विसळून तिनं ते न फेकता खोलवरच्या पाण्यासाठीच्या दुसरीत ओतलं होतं, दुसरीतलं तिसरीत, घरच्यासारखं. सुका राहिला तो फक्त डेक.

मग तिला काही सुचेना. डेकवर गेली, आत आली, परत गेली. सांगितलं तर उद्याचं खोल पाणी हातचं जाणार, आणि त्याच पाण्यासाठी तर ती घरच्यांशी महिनाभर भांडून इथवर आली होती. जेवताना नितीन समोर बसून भात नुसता चिवडत होता.

"माझ्या हातानं असं कसं झालं, समजूनच नाही राहिलं," तो म्हणाला.

तिला स्वतःची लाज वाटली. ताट तसंच टाकून ती उठली आणि मॅडमना सगळं सांगून आली. मॅडम चांगल्याच रागावल्या. एका दिवसाचं काम पाण्यात गेलं होतं, आणि वर एका पोरावर नाहक आळ. नितीनला त्यांनी स्वतः जाऊन परत बोलावलं. तेजस्विनीला मात्र सांगितलं की उद्या बाटल्या तूच भरायच्या, पण सगळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी सगळी तुकडी गोल करून उभी राहिली. तोटीतून आलेलं पाणी बर्फासारखं गार होतं. तिनं बाटली विसळली आणि पाणी फेकताना हात अडला.

"फेक," मॅडम म्हणाल्या.

तिनं फेकलं. पुन्हा फेकलं. दर बाटलीला तीनदा, डेक ओला होऊन पाणी कडेनं परत समुद्रात जाईपर्यंत. तिला रडू येत होतं आणि का ते तिला कळत नव्हतं. आकडे या वेळी बरोबर आले, नितीननं लांबूनच अंगठा दाखवला, तरी तिच्या जिवाची तगमग काही थांबेना.

संध्याकाळी जहाजावरच्या फोनवरून घरी बोलायची तिची पाळी आली. आईनं तब्येत विचारली नाही, समुद्र विचारला नाही.

"काय वं, पाणी पुरून राहिलं ना तिकडं?"

"पुरून राहिलं, आई. आज मी लय सांडलं."

पलीकडे आईनं आवाज खाली केला आणि शेजारी ऐकतील अशा धास्तीनं विचारलं,

"कोणी बोललं तर नाही ना तुले?"