दवंडीचं पान

"दवंडी दिली असं समज ना, कौसल्या. समजाले काय लागते?" सरपंच बाबारावांनी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं आणि वर पेन ठेवलं.

"दवंडी काय समजाची गोष्ट आहे, भाऊ? ते वाजवा लागते."

"सही कर अन् मोकळी हो."

कौसल्या मुनेश्वर बोरखडी ग्रामपंचायतीची शिपाई होती. एकोणीस वर्षं कुलूप उघडणं, झाडणं, पाणी भरणं, ग्रामसभेला सतरंजी अंथरणं आणि गावात दवंडी देणं ही तिची कामं. साक्षरता वर्गात शिकलेली अक्षरं ती बोट ठेवून वाचायची. आत्ताही तिने बोट ठेवलं. बारा ऑगस्टला तिने सहाही ठिकाणी दवंडी देऊन ग्रामसभेची खबर दिली, असं त्या पानावर लिहिलेलं होतं. अक्षर ग्रामसेवकाचं होतं.

बारा ऑगस्टला तिने घराबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. ती तापाने पडून होती.

सगळा घोळ बरडाचा होता. गावाच्या वरच्या अंगाला दगडगोट्यांचं, कुसळीचं गायरान आहे, त्याला बरड म्हणतात. अख्ख्या गावाची आणि तांड्याची जनावरं तिथेच चरतात. त्या बरडावर एका कंपनीला पवनचक्क्या उभ्या करायच्या होत्या आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागत होता. ग्रामसेवक कामाला वाघ. पंधरा ऑगस्टला झेंडा उतरायच्या आत त्याने सभाही उरकली, म्हणजे कागदावर. रॉकेल वाटताना रेशन दुकानात एक वही फिरली होती, तिच्यात लोकांचे सह्या-अंगठे आलेच होते. ती हजेरी झाली. फाइल आर्णीला तालुक्याच्या कचेरीत गेली.

पण इतका कसलेला माणूस एका जागी फसला. दवंडीचं पान बोरखडीत कौसल्याबाईच लिहायची. दवंडी झाली की त्याच दिवशी, काय ओरडली, कुठे कुठे उभी राहिली, सगळं. ते पान रजिस्टरात असणारच असं धरून त्याने तिकडे पाहिलंच नाही. फाइल परत आली. वर तांबड्या शाईत शेरा होता: दवंडीची नोंद जोडा.

"कापसाले भाव नाही, पोरं बसून आहेत," बाबाराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "कंपनी आली तं चार लोकायले काम भेटन. अन् हवा काय कोणाच्या बापाची आहे?"

"हवा नसन कोणाची. बरड तं गावाचं आहे ना?"

"मंग गावाच्या भल्याचंच करून राह्यलो."

"कराच. मी कुठी नाही म्हणतो? पण गावाले इचारून करा."

बाबारावांचा सूर बदलला. "सोमवारपर्यंत सही पाह्यजे. नाही तं शिपाई दुसरा पाहीन मी."

तिला भीती वाटली, हे लपवायचं कारण नाही. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगी ममता यवतमाळला नर्सिंग शिकत होती, तिचं दुसरं वर्ष चालू होतं. वाटेभर ती एकच हिशेब करत होती, की एक सही केली तर कोणाचं काय बिघडणार आहे.

घरी आल्यावर तिने फळीवरची घंटा काढली. लाकडी मुठीची, पितळी, शाळेत असते तसली. ती तिच्या सासऱ्यांची, श्रावण मुनेश्वरांची. छप्पन साली ते नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि त्याच संध्याकाळी त्यांनी डफडं चुलीत घातलं. पाटील धावत आला, आता दवंडी कोण देणार म्हणून. श्रावणबुवा म्हणाले, मी देईन, पण डफड्यावर नाही, आणि अनवाणी तर मुळीच नाही. त्यांनी आर्णीच्या बाजारातून स्वतःच्या पैशाने ही घंटा आणली. तेव्हापासून मुनेश्वरांची दवंडी चपला घालून, रस्त्याच्या मधोमध उभं राहून होते. सुनेला शिकवताना ते सांगायचे, "डफडं हुकमाचं होतं, बाई. घंटा खबरीची आहे. खोटी खबर देजो नको." पान स्वतःच्या हाताने लिहायची रीतही त्यांचीच.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाला रहमत दारात येऊन उभा राहिला. सही अडल्याची बातमी फुटली होती.

"बाई, तुम्ही कायले आडव्या येता?" तो कळवळून म्हणाला. "दुकानात चार महिने झाले, धंदा नाही. कंपनी आली तं मले काम भेटन. लोहे का ही तो काम है सब."

"भेटो ना, रहमतभाई. तुमचं पोट चालन तं मले का वाईट वाटन? सभेत जा, हात वर करा, सांगा मले पाह्यजे म्हून."

"सभा तो हो गई ना?"

"तुम्ही होते?"

रहमत हळूच म्हणाला, "माही सही आहे म्हणते लोकं."

"रॉकेल घेतलं होतं का?"

"घेतलं होतं."

"मंग आहे सही," कौसल्या म्हणाली. रहमत चहा न घेताच गेला.

सोमवार उजाडला. कौसल्या सकाळी पंचायतीत गेली नाही. तिने धुतलेलं लुगडं नेसलं, चपला घातल्या, घंटा घेतली आणि थेट मारुतीच्या पारापुढे रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. घंटा वाजली तशी माणसं दारात आली.

"ऐका हो ऐका! पंधरा ऑगस्टले ग्रामसभा झाली म्हणते! आपलं बरड पवनचक्क्यायले देल्लं म्हणते! तुम्ही होते काय? रॉकेलच्या वहीतली तुमची सही त्या ठरावावर आहे म्हणते! ज्याले पाहाचं असन त्यानं पंचायतीत येऊन आपल्या डोयानं पाहा हो!"

सहा ठिकाणं तिने घेतली. शेवटचं ठिकाण तांड्यावरचं. तिथली म्हातारी हंसाबाई शेळ्या सोडत होती. अख्खं गाव तिला याडी म्हणायचं, बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला म्हणतात तसं. तिने दोर तसाच टाकला.

"माहा अंगठा बी आहे का व त्याच्यात?"

"आहे, याडी."

"मले तं रॉकेल बी अर्धंच देल्लं होतं मेल्यानं!" म्हातारी कडाडली आणि काठी घेऊन पुढेच निघाली.

कौसल्या पंचायतीत पोचली तेव्हा ओटा माणसांनी भरला होता. ती सरळ टेबलापाशी गेली आणि रजिस्टर उघडलं. ग्रामसेवकाच्या अक्षरातल्या पानाला तिने हात लावला नाही. पुढच्या कोऱ्या पानावर तिने आजची तारीख घातली, दवंडीतला शब्द न् शब्द लिहिला, सहा ठिकाणं लिहिली आणि खाली सही केली. लिहायला तिला अर्धा तास लागला.

"घ्या भाऊ," ती म्हणाली. "दवंडीची नोंद पाह्यजे होती ना? हे जोडा."

बाबाराव लालबुंद झाले होते. "चाव्या ठेव इथं. उद्यापासून येऊ नको. घंटाही ठेव."

तिने चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

"चाव्या पंचायतीच्या. घंटा माह्या सासऱ्याची आहे."

नोकरी गेली ती गेलीच. गाव भांडलं, पण त्या बाबतीत बाबाराव हलले नाहीत. कौसल्या दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागली आणि ममताने सुट्टीत दवाखान्यात काम धरलं. ठरावाचं मात्र वेगळं झालं. रहमतच्या सहीपासून हंसाबाईच्या अंगठ्यापर्यंत दोन-तीनशे नावांचा अर्ज आर्णीला गेला आणि तालुक्याच्या साहेबांसमोर नव्याने सभा घ्यायचं ठरलं.

या वेळी दवंडीला ऑटोवर भोंगा लावला होता. तो दिवसभर गावातून फिरला. संध्याकाळी कौसल्या वेचणीवरून आली तर अंगणात आठ-दहा बायका बसलेल्या आणि मध्ये हंसाबाई.

"भोंगा उद्या सभा आहे म्हणते," म्हातारी म्हणाली. "खरं आहे का व?"

कौसल्याने पाय धुतले. मग परत चपला घातल्या आणि घंटा घेऊन सहाही ठिकाणं करून आली. त्या फेरीचा तिला कोणी एक पैसा देणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात माणूस मावत नव्हता. नव्या शिपायाने सतरंजी अंथरली होती. एकोणीस वर्षं ती कौसल्याने अंथरली, झटकली, उन्हात घातली. तिच्यावर बसली मात्र कधीच नव्हती, सभा चालू असताना ती दाराशी पाण्याचा माठ सांभाळायची. कुठे बिडीने जळालंय, कुठे उसवलंय, तिला पाठ होतं. ती पुढे गेली आणि चपला काठाशी काढून पहिल्या रांगेत धड जागा बघून बसली. नवा शिपाई पाणी घेऊन आला. तिने ते घेतलं.

कंपनीच्या माणसाने नकाशा दाखवला. साहेबांनी विचारलं, "कोणाला काही विचारायचं आहे?"

कौसल्या उभी राहिली.

"आपण कोण?"

या प्रश्नाचं तिचं उत्तर इतकी वर्षं ठरलेलं होतं. 'पंचायतीची शिपाई' हे ओठांवर आलंही. तिने मागे पाहिलं. रहमत 'बोला' म्हणून मान डोलवत होता.

"मी या गावची मतदार, सायेब. कौसल्या मुनेश्वर. पवनचक्क्या आल्या तं आमचे जनावरं कुठी चारावं, हा पहिला प्रश्न माहा. लिहून घ्या."

साहेबांनी बाजूला पाहिलं. ग्रामसेवकाने खाली मान घालून पेनचं टोपण काढलं.