मुठीवरचं तिसरं कडं

"पुंजारामभाऊ, इले खुंटीवर टांगून ठेवू नका. गंजली का भाजी चिराच्या कामाची नाही राह्यत, पन माणसाले चावते."

गावचा लोहार असं म्हणाला, तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. माझ्यावर गंज? अचलपूरच्या छावणीतल्या शिपायाची तलवार होते मी. मित्रांनो, आज मी जुनी आणि बोथट आहे, पण तेव्हा माझ्या पात्यात माणसाला स्वतःचा चेहरा दिसायचा.

पुंजारामने फौज सोडली. चांदूर बाजाराकडच्या एका गावात त्याने पडीत काळी जमीन घेतली आणि मला तिथे आणलं. लढाईतलं मला फारसं आठवत नाही. बाभळी मात्र मी किती तोडल्या! त्या काट्यांचं कुंपण झालं, आत कपाशीची पऱ्हाटी उभी राहिली.

नातवंड जन्मलं की पुंजाराम तांब्याचं एक कडं माझ्या मुठीवर ठोकून बसवायचा. थोरल्या लेकाला दोन मुलगे झाले, दोन कडी चढली. मग धाकट्याच्या बायकोला, वच्छलेला, मुलगी झाली, पार्बता.

"पोरीले कायले कडं?" थोरल्याने विचारलं.

"काहून? ते काय वाऱ्यासंगं उडून आली का?" म्हातारा म्हणाला, आणि तिसरं कडं बसलं.

पुढे पटकीची साथ आली. तिच्यात धाकटा गेला, मागून पुंजारामही गेला. शेताचा वाटा द्यावा लागू नये म्हणून थोरल्याने वच्छलेला तान्ह्या पोरीसकट घराबाहेर काढलं. "हे पोरगी आमच्या रक्ताची नाही," असं त्याने चारचौघांत सांगितलं. उंबरा ओलांडताना वच्छलेने फक्त माझ्याकडे पाहिलं.

त्या दसऱ्याला थोरल्याने मला खुंटीवर टांगलं आणि माझ्या मुठीवर तेलात कालवलेला शेंदूर थापला, तिन्ही कडी झाकेपर्यंत. मग दरवर्षी एक थर. लोक हात जोडायचे. मला देव केलं, मित्रांनो, आणि माझं तोंड बंद केलं. आत मी गंजत होते. खोटं बोलणार नाही, मी तो गंज जिवापाड जपला.

यंदाच्या दसऱ्याला थोरल्याचा पणतू देवानंद याने संगमरवरावर घराण्याची वंशावळ कोरून घेतली. वर पुंजाराम, खाली एकच फांदी. दगडावर पडदा टाकला, निमंत्रणपत्रिकेत तीच वंशावळ छापली. गाव जमलं. तेवढ्यात अकोल्याहून पौर्णिमा आली, काखेत वर्षाचं बाळ घेऊन. पार्बतेची खापरपणती. छावणीपासून या गावापर्यंत ती पुंजारामचा माग काढत आली होती.

"काका, दुसरी फांदी राहिली," ती म्हणाली. "तलवारीच्या मुठीवर तीन कडी आहेत. आमच्या घरात प्रत्येक आईने हे मुलीला सांगितलंय."

देवानंद हसला. "काहून वं बाई, देवाले सोलून राहिली का? आमी तं कडंच नाही पायलं कधी!"

सगळे हसले. हसतच त्याने पूजेसाठी माझी मूठ धरली. किती वर्षांची वाट पाहिली होती मी! शेंदराची खोळ आधीच सैल झाली होती. मी तिला सोडून दिलं. ती त्याच्या हातात टरफलासारखी निघाली आणि पाटावर पडून फुटली.

तीन कडी. हिरवी पडलेली, पण तीन.

देवानंदने मान खाली घातली आणि तो तिसरं कडं हिसकून काढायला गेला. एका हाताने कडं, दुसऱ्याने माझं पातं. हात घसरला. मी चावले. खोल चावले, आणि मला बरं वाटलं.

पौर्णिमा बाळाला सावरत पुढे आली. "काका, गंजलेलं लोखंड आहे. आजच धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या."

"आमी शिपायाची अवलाद! सुईले भेतो का? जाय तू!"

भीत नव्हता, तर घ्यायचं होतं. पण दवाखान्यात गेलं की कशाने कापलं ते सांगावं लागतं. लोक पांगले. दगडावरचा पडदा तसाच राहिला, मी परत खुंटीवर.

आता आठवडा होत आला. देवानंद घरात एकटाच आहे, मुलं पुण्याला. अंगठ्याला चिंधी गुंडाळली आहे. काल त्याला चहा गिळता आला नाही. आज जबडा उघडत नाही. फोन वाजतो, तो उचलत नाही.

मित्रांनो, मी त्याला माफ केलेलं नाही. पण तो गेला तर पार्बतेचं नाव त्या दगडावर कोण कोरून घेईल? ते त्यानेच करावं, जिवंत राहून, गावासमोर. एवढाच माझा सूड होता. पण माझा गंज त्या सुडाच्याही पुढे निघून गेला.

मला खुंटीवरून उतरता येत नाही. तुमच्यापैकी कोणी त्या वाटेने जात असाल तर थांबा. दार आतून लावलेलं आहे. जोरात ठोका.