पहिल्या भागातला हात

मित्रांनो, मी एक जुना हात आहे. दचकू नका, रबराचा आहे. मनगटाच्या वर चार बोटं जागा सोडली की मी संपतो. त्यापुढे माणूस नाही आणि कधी नव्हताही. सध्या मी एका घराच्या दाराशेजारी खिळ्याला अडकवलेला असतो आणि माझ्या करंगळीत घराच्या किल्ल्या असतात. पण एके काळी मला पाहून माणसं खुर्चीवर पाय वर घेऊन बसायची. माझ्या चित्रपटाचे सात भाग निघाले. तुमच्या वयाच्या मुलांना ते दाखवत नाहीत, आणि ते बरंच आहे. त्यातले पाच तर मोठ्यांनाही दाखवू नयेत. भीतीने नव्हे, कंटाळ्याने जीव जाईल त्यांचा.

मी रागावलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. निबंधांत आपली कहाणी सांगणाऱ्या छत्र्या आणि शाळेतले फळे कसे समजूतदारपणे उसासे टाकतात! माझ्याने ते होणार नाही.

मला ज्यांनी घडवलं त्यांना सगळे मास्तर म्हणतात. चित्रपटांसाठी खोट्या जखमा, खोटे दात, खोटी बोटं करणं हा त्यांचा धंदा. गोदामामागच्या एका लांबट खोलीत त्यांचं काम चाले. खिडकीत कान वाळत ठेवलेले असायचे. माझ्यासाठी त्यांनी बायकोचा उजवा हात मागितला. त्या बाईंना सगळे काकू म्हणतात. काकू ओल्या प्लास्टरमध्ये हात बुडवून अर्धा तास बसल्या होत्या.

"अहो, नाक खाजतंय."

"मग दुसऱ्या हाताने खाजव."

"दुसऱ्या हातात फोन आहे. ताई बोलतेय मघापासून, ठेवू कसा?"

शेवटी मास्तरांनीच त्यांचं नाक खाजवलं. साचा निघाला, त्यात रबर ओतलं, वर रंगाचे पातळ थर चढले. मागच्या बाजूची लव मास्तरांनी सुईने एकेक केस टोचून बसवली. त्यात नऊ दिवस गेले. काकूंच्या मनगटावर इस्त्रीच्या चटक्याचा एक तिरपा डाग आहे. तोही माझ्यावर उतरला.

त्यानंतर मास्तरांच्या कामातली एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. तयार झालेली वस्तू थेट चित्रीकरणाला न नेता ते आठ दिवस घरी ठेवत. जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. "ही खोटी आहे हे घरच्यांनी विसरलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी त्यांची मुलगी किंचाळली. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या बोटांत पेन खोचलं. सहाव्या दिवशी काकूंनी किल्ल्या अडकवल्या. आठव्या दिवशी काकू चष्मा शोधत होत्या. टेबलावर मी आडवा आलो, तर माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "जरा सरक बाई." मास्तरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि म्हणाले, "पास."

पहिल्या भागात मला पडद्यावर मोजून अकरा सेकंदं होती. एक बाई टेबलाशी बसून शर्टाला बटण शिवते आहे. आपल्याला फक्त तिचा हात दिसतो. सुई खाली जाते, वर येते, दोरा ताणला जातो. बराच वेळ एवढंच. मग दिवा जातो. दिवा येतो तेव्हा हात तिथेच असतो, बोटांत सुईही असते. बाई मात्र नसते. पांढऱ्या बटणावर लाल रंगाचा एकच थेंब.

यातला शिवणारा हात खुद्द काकूंचा होता, कारण नटीला सुईत दोरा ओवता येईना. दिवा आल्यावर उरतो तो मी. काकूंचं नाव पडद्यावर कुठेही आलं नाही. माझंही नाही, पण मी काय, वस्तूच.

मास्तर चित्रपट पाहायला गेले ते शेवटच्या रांगेत बसले आणि त्यांनी पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते लोकांच्या हातांकडे बघत होते. ही त्यांची जुनी सवय. माणूस तोंडाने खोटं ओरडेल, पण हात खोटं बोलत नाहीत, असं ते म्हणत. त्या दिवशी दिवा परत आला आणि माणसांनी आपापले हात काखेत लपवले. एका आजोबांनी तर दोन्ही हात बुडाखाली घातले. चित्रपट तुफान चालला.

इथून माझं दुर्दैव सुरू झालं.

आमच्या निर्मात्याला लोक पाठीमागे अजूनशेठ म्हणत, कारण "अजून" याखेरीज त्याला दुसरा शब्द सुचत नसे. दुसऱ्या भागाच्या वेळी तो खोलीत आला आणि म्हणाला, "मास्तर, लोकांना हात आवडला. तर आता चाळीस हात करा. आणि रक्त अजून."

"शेठ, लोकांना हात नाही आवडला. बाई आवडली. ती बटण शिवत होती म्हणून."

"तेच ते. चाळीस."

घाईघाईत एकामागून एक रबर ओतलं आणि माझा साचा मधोमध तडकला. तेव्हापासून काकूंच्या हाताचा खरा, केस टोचलेला नमुना मी एकटाच उरलो. बाकीचे चाळीस म्हणजे फुगवलेले हातमोजे. मला त्यांच्यात नेऊन टाकलं.

मित्रांनो, पुढच्या भागांचं काय सांगू? तिसऱ्यात खलनायक नायकाचा डावा हात तोडतो आणि जमिनीवर उजवा पडतो. आठ दिवस टेबलावर ठेवायला वेळच दिला नव्हता, नाहीतर मास्तरांच्या मुलीनेसुद्धा ती चूक पकडली असती. थिएटरात पाठीमागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हा कुणाचा?" आणि अख्खं थिएटर हसलं. चौथ्यात रक्ताचा नुसता पूर आला. रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि लाल रंग. तो इतका सांडला की खलनायक स्वतःच घसरून पडला आणि दुसऱ्या दिवशी सेटवर मुंग्यांचं राज्य. जिच्यात मी एकेक केस टोचून घेतला त्या माझ्या कातडीवर मुंग्या चालत होत्या आणि अजूनशेठ म्हणत होता, "रंग अजून गडद करा." पाचव्यात तर मला प्रेक्षकांच्या अंगावर फेकल्याचा देखावा केला. पहिल्यांदा लोक वाकले. दुसऱ्यांदा हसले. तिसऱ्यांदा त्यांनी मानसुद्धा हलवली नाही.

त्या दिवशी मास्तर घरी आले आणि काकूंना म्हणाले, "सगळ्यांचे हात पॉपकॉर्नमध्ये होते गं. एकसुद्धा बाहेर नाही." मला वाईट वाटलं आणि संतापही आला. अरे, मिठाने चव येते म्हणून कुणी मूठभर मीठ खातं का?

सहाव्या भागाची तयारी सुरू झाली तेव्हा मास्तरांनी घरी जाहीर केलं, की हे शेवटचं काम. डोळे थकले होते. पण निवृत्त होण्याआधी एकदा तरी थिएटर गप्प झालेलं पाहायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि अजूनशेठने काय मागावं? मांस दळायचं एक भलंमोठं यंत्र त्याने सेटवर आणून उभं केलं आणि म्हणाला, "पहिल्या भागातला हात यात घालायचा. तो चटक्याचा डाग लोक ओळखतात. डागासकट चेंदा झाला पाहिजे."

"शेठ, तो एकच उरलाय. साचा फुटला."

"म्हणूनच तर! परत कुणाला करता येणार नाही."

"मी एक सुचवू? त्याला पुन्हा बटण शिवू द्या. नुसतं शिवू द्या."

"बटणं शिवलेली बघायला लोक तिकीट काढतात होय, मास्तर?"

मला यंत्राच्या तोंडाशी ठेवलं. आतले दाते मला दिसत होते. एवढी वर्षं मी तुटलेला हात म्हणून मिरवलो, पण भीती काय असते ते मला तेव्हा कळलं. मास्तर खाली मान घालून उभे होते. मदतनिसाने बटणावर बोट ठेवलं.

आणि नेमक्या त्या वेळी काकू आल्या. मास्तर चष्मा घरी विसरले होते, तो द्यायला. त्यांनी आमचे चित्रपट कधी पाहिले नव्हते, सेटवरही त्या पहिल्या भागानंतर आल्या नव्हत्या. यंत्राजवळ येऊन त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या मनगटाकडे. आता तो हात सुरकुतला होता, शिरा वर आल्या होत्या, पण डाग तसाच होता.

"अहो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माझा हात आहे तो."

मदतनिसाने बोट मागे घेतलं. दिवेवाल्याने स्वतःचं मनगट धरलं. कॅमेरावाला दोन्ही हात खिशात घालून उभा राहिला. मास्तरांनी डोळे बारीक करून सगळीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "शेठ, यांच्या हातांकडे बघा." मग जरा थांबून, "आणि स्वतःच्याही."

अजूनशेठने आपला उजवा हात डाव्या हाताने गच्च धरला होता.

यंत्र परत गेलं. सहाव्या भागात काकू टेबलाशी बसून बटण शिवतात. मी शेजारी असतो, तरुण, निश्चल. त्या दोरा दाताने तोडतात, माझ्याकडे बघतात आणि तेच वाक्य म्हणतात. रक्ताचा थेंबही नाही. मास्तर शेवटच्या रांगेत बसून आले. घरी येऊन त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, दोन्ही हातांत धरलं आणि ते रडले. "एकानेही पॉपकॉर्न उचललं नाही," म्हणाले. या वेळी काकूंचं नावही पडद्यावर आलं.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी आज गोड बोललो असतो.

पण अजूनशेठला वाटलं, गुपित सापडलं. सातव्या भागासाठी तो धावत आला. "काकू, तेच पाहिजे! अजून!" काकूंनी नकार दिला, मास्तर तर निवृत्तच होते. मग त्याने नऊ म्हाताऱ्या जमवल्या, नऊ हात करून घेतले आणि ते वाक्य चित्रपटभर अकरा वेळा म्हणवलं. मास्तर बघून आले तर हसावं की रडावं त्यांना कळेना. तिसऱ्या वेळेपासून प्रेक्षकच एका सुरात म्हणत होते, "माझा हात आहे तो!" आणि टाळ्या पिटत होते. यंत्राच्या तोंडाशीसुद्धा मला इतका राग आला नव्हता. माझा चेंदा झाला नाही, पण काकूंच्या त्या वाक्याचा झाला.

गेल्या आठवड्यात आठव्या भागासाठी फोन आला. मी भिंतीवरून सगळं ऐकत होतो. "पहिल्या भागातला हात एक दिवसासाठी द्या," पलीकडून विनवणी चालली होती.

"नाही जमायचं," काकू म्हणाल्या. "तो आता आमच्याकडे कामाला आहे. किल्ल्या कोण सांभाळेल?"

त्यांनी फोन ठेवला, येऊन माझ्या बोटांवरची धूळ पदराने पुसली आणि किल्ल्या घेऊन बाहेर गेल्या.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी मोठं होऊन असे चित्रपट काढेलच, मी अडवणारा कोण? आठवा काढा, अठरावा काढा. फक्त माझं एक ऐका. हात तोडण्याआधी तो आठ दिवस घरात ठेवा. त्याच्या बोटांत पेन खोचा, किल्ल्या अडकवा, त्याला काहीतरी शिवू द्या. आणि एखाद्या दिवशी त्याच्याकडे न बघता तुम्ही "जरा सरक" म्हणालात, की मग त्याला तोडायचं की नाही ते ठरवा.