डुलणारं वाडगं

जुन्या काचसामानाच्या त्या दुकानात वहिनी आणि तिचा धाकटा दीर असे दोघंच बसत. वस्तू ओळखायच्या वहिनीने आणि बडबड करायची दिराने, अशी वाटणी आपसूकच झालेली.

एका दुपारी एक थकलेल्या शिवणबाई आल्या. पिशवीतून त्यांनी कापडाची चुंबळ काढली आणि तिच्यावर गोल बुडाचं गुलाबी वाडगं अलगद बसवलं.

“हातची शिवलेली चुंबळ आहे, तरी मेलं डुलतंच! लग्नापासून घरात आहे. हे नक्की आहे तरी काय?”

“आमच्या वहिनीच्या भाजीसारखं दिसतंय, आजी,” दीर म्हणाला. “बघून कळत नाही, विचारावंच लागतं.”

वहिनीने डोळे वटारले आणि काठावरून बोट फिरवलं. काठ घासून सपाट केलेला, म्हणजे कशावर तरी टेकवण्यासाठी. बुडाला भोक होतं, लाखेने बुजवलेलं. तिने वाडगं उलटं ठेवलं. ते मुकाट, ताठ उभं राहिलं.

“आजी, हे वाडगं नव्हेच. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या छोट्या दिव्याची टोपी आहे. खालची बशी हरवली. आत मेणबत्ती जळायची आणि या भोकातून धग बाहेर जायची. लाख काढली तर आत्ता लावून दाखवते.”

शिवणबाईंनी झटकन भोकावर हात ठेवला. “नको गं. आमच्या ह्यांनी बसवली आहे ती. फुलांचं पाणी गळायचं ना, म्हणून. बोट भाजून घेतलं होतं. बघ, अंगठ्याचा ठसा आहे. माणूस गेलं, हा राहिला.”

वहिनीने हात मागे घेतला. मग म्हणाली, “भावजी, तो छोटा बल्ब द्या बरं. त्याला हवा लागत नाही आणि तो तापतही नाही.”

दिराने पडदा ओढला, वहिनीने बल्ब टोपीखाली ठेवून लावला. गुलाबी उजेड सांडला आणि कपाटातल्या बिनझाकणाच्या बरण्या, लोलक गळालेली झुंबरं पाण्याखाली असल्यासारखी तरंगू लागली. भिंती कुठे संपतात तेच कळेना.

“अगंबाई!” शिवणबाई पुटपुटल्या. “हे असं दिसलं असतं, तर ह्यांनी फुलं ठेवूच दिली नसती मला.”

हसता हसताच खुर्चीत त्यांचा डोळा लागला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. जन्मात कधी हळू न बोललेला दीर दारातच त्याच्या कानाशी लागला, “जरा सावकाश या. आत कुणीतरी झोपलंय.”